बांडी चालू आहे, मामा

मामा, बांडी चालू आहे.

हे आधी सांगून टाकते, कारण तुमचा पहिला प्रश्न तोच असायचा. बेल्ह्याच्या बाजारातून फोन केलात तरी तोच, गुडघा दाखवून दवाखान्यातून आलात तरी उंबऱ्याबाहेरूनच तोच. "चालू हाय का गं?" मी "चालू हाय" म्हटलं की मगच चपला काढायच्या. नात कुठं आहे, आत्या काय करतायत, जेवणाचं काय, हे सगळं त्यानंतर. आत्या म्हणायच्या, "माझी कवा अशी चौकशी केली न्हाई ह्या मानसानं." त्यावर तुम्ही म्हणायचात, "तू कवा बंद पडलीस?"

तुम्ही जाऊन तीन आठवडे झाले. सकाळी अर्थिंगच्या खड्ड्यात नेहमीसारखं तांब्याभर पाणी ओतलंत, ओट्यावर टेकलात, आणि आत्या चहा घेऊन बाहेर येईतो सगळं आटोपलं होतं. दुखणं नाही, खुपणं नाही. भेटायला आलेला प्रत्येक जण म्हणाला की म्हाताऱ्याचं सोनं झालं. मलाही तसंच वाटतं. रडू आलं, अजून येतं, पण त्यात तक्रार फारशी नाही. तक्रार असलीच तर स्वतःबद्दलची आहे. मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची होती आणि मी वर्षभर ती उद्यावर ढकलत राहिले. सून म्हणून मी तुमच्याशी एकदाच खोटं बोलले, ते कबूल करायला आज बसले आहे.

सांगायला अवघड आहे, म्हणून जरा लांबून येते.

लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्याला मामा म्हणायचं आणि सासूला आत्या, एवढं ठाऊक होतं. मामांशी बोलायचं काय, हे मात्र ठाऊक नव्हतं. मी घोडेगावची, ड्रॉइंगचा डिप्लोमा केलेली. तुमचं निम्म्याहून जास्त आयुष्य मेंढरांमागं चालण्यात गेलेलं. पहिलं वर्षभर आपण "पाणी देऊ का" आणि "दे" याच्या पुढं गेलो नाही. मग घरात कॉम्प्युटर आला, तोही तुकड्या-तुकड्यानं, आणि आपल्याला भांडायला विषय मिळाला.

आळेफाट्याच्या इंजिनिअर साहेबांकडून घरांचे नकाशे माझ्याकडे यायचे. बंगला बांधून झाल्यावर कसा दिसेल त्याची चित्रं मी करून द्यायची. त्याला दणकट मशीन लागतं. तयार घेण्यापेक्षा एकेक भाग मागवून घरीच जोडायचं मी ठरवलं, तेव्हा तुम्ही आत्यांना म्हणालात, "गाडी कुनी सुटी आनून घरी जोडतं का?" पण मी डबा उघडून भाग बसवायला लागले तशी तुम्ही तुमची घोंगडी घडी करून शेजारी टाकलीत आणि त्यावर बसून राहिलात. हा पंखा कशाला, ही तार कुठं जाते, एवढं तापतं तर जळत कसं नाही. डबा काळा आणि बाजूला पांढरा पट्टा. "बांडी हाय ही," म्हणालात. कळपातल्या काळ्या-पांढऱ्या मेंढीचं नाव तिला लागलं ते लागलंच.

जोडणी चालू असतानाच खंडेनवमी आली. कोयता, लोकर कापायची कात्री, मोटारीचे पाने, तुमची काठी, सगळी अवजारं ओट्यावर मांडलेली. तुम्ही आत येऊन म्हणालात की बांडीपण अवजारच आहे. तिच्या बाजूचं झाकण मी काढून ठेवलं होतं. मी काही बोलायच्या आत तुम्ही "येळकोट येळकोट जय मल्हार" म्हणून मूठभर भंडारा उधळलात. कोयत्यापासून कॉम्प्युटरपर्यंत सगळं पिवळं झालं. तुमचा चेहरा बघून मीही हात जोडले. नंतर मऊ फडक्यानं दिसली तेवढी हळद पुसून घेतली. बांडी चालू झाली आणि दहा महिने कुरकुर न करता चालली.

मग गेल्या वर्षीचा श्रावण. भीमाशंकरच्या रस्त्याला लॉज बांधणाऱ्या एका माणसाचं काम इंजिनिअर साहेबांनी माझ्यावर टाकलं. त्याला नुसती चित्रं नको होती, गेटातून शिरून खोलीपर्यंत चालत गेल्यासारखा पुरा व्हिडिओ हवा होता. एवढ्या कामाला मेमरी कमी पडायला लागली, म्हणून मी रॅमची दुसरी पट्टी मागवली आणि रिकाम्या स्लॉटमध्ये बसवली. तिसऱ्या दिवसापासून बांडी पडायला लागली.

पडायची म्हणजे कशी, तर तिच्या मनाला येईल तशी. कधी सकाळचा पहिला चहा व्हायच्या आत, कधी सहा तास सुरळीत चालून, व्हिडिओ संपत आलेला असताना. पडदा निळा व्हायचा आणि सगळं पहिल्यापासून. एखादी गोष्ट कायमची बिघडली तर माणूस निदान वैतागून मोकळा होतो. ही दोन दिवस शहाण्यासारखी वागायची आणि मला वाटायचं झालं बरं, की पुन्हा तेच.

आणि नेमकं त्याच वेळी घरात चाकणचा विषय चालू होता. तुमच्या लेकाची, संतोषची, कंपनी तिकडंच. तिथल्या एका बिल्डरच्या ऑफिसात मलाही जागा होती. दिवाळीपर्यंत लॉजचं काम घरातून पार पडलं तर आपण इथंच राहायचं, नाहीतर ओवीला घेऊन चाकणला खोली करायची, असं आम्हा दोघांचं ठरलं. तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही "बरं" म्हणालात. एवढंच. पण त्यानंतर दोन दिवस तुम्ही नातीला मांडीवरून खाली उतरू दिलं नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी घोंगडी घेऊन बांडीसमोर येऊन बसलात आणि म्हणालात, "तुला सैपाक हाय, धुनं हाय. मी राखन करतो. कवा पडती ते बगून सांगतो."

आपलं भांडण तिथून सुरू झालं. मी म्हणत होते की दोष नव्या पट्टीचा. तुम्ही म्हणत होतात की दोष विहिरीवरच्या मोटारीचा. पावसानं ओढ दिलेली, मोटार चालू असायची. तुमच्याकडं पुरावा होता, तोही खोडदचा. त्या बाजूला मेंढरं चारताना तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठ्या छत्र्यांवर कामाला असलेल्या कुणीतरी तुम्हाला सांगितलं होतं की त्या आभाळातलं इतकं बारीक ऐकतात, की शेतातल्या मोटारीच्या ठिणगीचाही त्यांना त्रास होतो. "येवढ्या मोठ्या छत्र्या," तुम्ही दोन्ही हात फाकून दाखवलेत, "त्यांना ठिनगी सोसत न्हाई. तुझा डबा केवढा? आपल्या घराला धड अर्थिंग न्हाई. आधी अर्थिंग कर." मी म्हटलं, "मामा, छत्र्यांचं वेगळं असतं." तुम्ही म्हणालात, "वीज तीच अस्ती."

 

पहिल्या दिवशी मी चिडून एकदम तीन गोष्टी बदलल्या. तार बदलली, पंख्याची जागा बदलली, सेटिंग खाली आणलं. बांडी दीड दिवस चालली. मी खूश. तुम्ही मात्र मास्तरांसारखे बघत होतात. "कशानं बरं झालं?" मला सांगता येईना. "तीन औषधं एकदम पाजली तर कळनार कसं? एका येळी एकच बदल कर. मग चार दिस बग. मग दुसरा." मग ती पुन्हा पडली आणि मी निमूट तुमच्या पद्धतीनं सुरुवात केली.

पेनड्राइव्हवरून मेमरी तपासायचा प्रोग्राम लावला. तो मेमरीच्या एकेका घरात आकडा ठेवतो, परत काढतो, ठेवला तोच निघाला का बघतो. चुकीचा निघाला तर पडद्यावर लाल ओळ येते. तुम्हाला हे एका वाक्यात पटलं. "म्हंजी सांजचं कोंडताना एकेक वळखून आत घ्यायचं, तसंच." तासन् तास तुम्ही त्या पडद्याकडं बघत बसायचात. मला वाचता येत असूनही दहा मिनिटांत कंटाळा यायचा. तुम्हाला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण तुम्ही हलायचात नाही. लाल ओळ आली की हाक यायची, "पोरी, आली गं एक."

दोन्ही पट्ट्या लावल्या की लाल ओळी येत होत्या. मी नवी पट्टी परत पाठवायला खोक्यात भरली, चिकटपट्टीही लावली. तुम्ही म्हणालात, "थांब. मेंढरू आजारी हाय का जागा वाईट हाय, ते आधी बग. आमी काय करायचो? मेंढरू हालवायचो. दुसरीकडं चरून बरं ऱ्हायलं, तर मग खोट जाग्यात."

खोका पुन्हा फोडला. नवी पट्टी एकटी, पहिल्या जागेत: दिवसभर स्वच्छ. जुनी पट्टी एकटी, पहिल्या जागेत: स्वच्छ. मग जुनी, दहा महिने खणखणीत चाललेली पट्टी दुसऱ्या जागेत घातली. तासाभरात तुमची हाक आली.

"जागा वाईट हाय," तुम्ही म्हणालात. मामा, डिप्लोमा माझ्याकडं होता. हे मला सुचायला हवं होतं. आणि लगेच पुढं, "आन ती जागा त्या मोटारीच्या विजेनं वाईट झाली." तुम्ही हट्ट सोडलात असं मला आठवतच नाही.

आता ती गोष्ट.

दुसऱ्या दिवशी तुम्ही बेल्ह्याच्या बाजाराला गेला होतात. मी झाकण काढलं, मोबाईलच्या बॅटरीचा उजेड त्या दुसऱ्या स्लॉटमध्ये पाडला. अरुंद फटीच्या तळाशी पिवळी रेघ दिसली. हळद. खंडेनवमीला तुम्ही भंडारा उधळलात तेव्हा तो स्लॉट रिकामा होता, उघडा होता. मी वरवरचं पुसलं आणि आत पडलेली हळद दहा महिने तशीच बसून राहिली. नवी पट्टी दाबून बसवली तेव्हा ती टोकांमध्ये दबली गेली. कधी टोकाला टोक लागायचं, कधी नाही.

मला आधी हसू फुटलं. एकटीच हसत होते. मग हसू थांबलं. तुम्ही तो भंडारा बांडीला दृष्ट लागू नये म्हणून, घरातलं घरात राहावं म्हणून उधळला होता, आणि त्याच भंडाऱ्यानं आमच्यावर घर सोडून निघायची वेळ आणली होती. हे तुम्हाला सांगायचं? तुम्ही एक शब्द बोलला नसतात. पण पुढच्या खंडेनवमीला तुमचा हात भंडाऱ्याच्या डबीकडं जाताना अडखळला असता, आणि ते मला बघवलं नसतं.

मी जुना ब्रश आणि स्पिरिट घेऊन स्लॉट घासून काढला, ओवीच्या वाढदिवसाच्या फुग्यांच्या पंपानं हवा मारली. आणि त्याच दिवशी, संतोषला सुट्टी होती, त्याला म्हटलं, "मामा म्हणतात तर अर्थिंग करूनच टाक." हळदीचं त्यालाही सांगितलं नाही. तुम्ही बाजारातून आलात तेव्हा तो कमरेइतक्या खड्ड्यात उभा होता, बाजूला मीठ आणि कोळसा. तुम्ही पिशवी तिथंच टाकून फावडं हातात घेतलंत. गुडघ्याचं दुखणं त्या दिवशी कुठं गेलं होतं देव जाणे. "कोळसा हात राखून घालू नको," असं त्याला तीनदा बजावलंत.

तार जोडली, दोन्ही पट्ट्या लावल्या, तपासणी चालू केली. संध्याकाळपर्यंत एकही लाल ओळ नाही. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मी म्हटलं, "तुमचंच खरं निघालं, मामा. विजेचाच दोष होता."

हे ते खोटं.

तुम्ही काहीच बोलला नाहीत. मान हलवलीत आणि खड्ड्यात तांब्याभर पाणी ओतून आलात. मला वाटलं, आनंदानं बोलवत नाहीये.

पण लॉजचं काम लगेच हातात घेऊ द्याल तर शपथ. बाजारातून आणलेलं नवं मेंढरू सात दिवस वेगळं बांधायचं आणि मगच कळपात सोडायचं, हा तुमचा नियम. बांडीलाही तोच. सात दिवस, सकाळी लावायची ते दिवस मावळेपर्यंत, जेवढा भार टाकता येईल तेवढा टाकायचा. मी प्रोसेसरला आणि ग्राफिक्स कार्डला दमवणारे प्रोग्राम लावले. पंखे इतके जोरात फिरायचे की आत्या म्हणायच्या, घरात गिरणी घातलीय. तुम्ही डब्याच्या मागं हात धरून बसायचात आणि वारा किती गरम येतो ते सांगायचात. पडद्यावरचा तापमानाचा आकडा आणि तुमचा हात यांत फारसा फरक पडायचा नाही.

सहाव्या दिवशी दुपारी लाईट गेली आणि बांडी बंद झाली. आपला जुना यूपीएस काय दोन मिनिटंही टिकेना. मी म्हटलं, हा धरायचा नाही, ही लाईटची चूक. तुम्ही म्हणालात, "मी म्होरं बसल्यालो व्हतो. आधी पडदा काळा झाला, मग वरचा पंखा थांबला. का उलटं झालं, म्हंजी बांडी आधी पडली का लाईट आधी गेली, ते मला धड सांगता येत न्हाई. सांगता येत न्हाई म्हंजी पुन्ना पहिल्यापासनं."

दिवाळी जवळ येत होती. मला आत्तापर्यंतचा सगळा राग आला, आणि मी बोलून गेले, "तुम्हाला काय जातंय मामा? तुमची मेंढरं तर कधीच विकून झाली." 

तुम्ही घोंगडी उचललीत आणि बाहेर गेलात. त्या वेळी मला कळलं नाही, पण नंतर कित्येकदा आठवलं. आम्ही जाऊ नये असं ज्याला सगळ्यात जास्त वाटत होतं, तोच माणूस मोजणी पुन्हा सुरू करायला सांगत होता. खोटी बरी झालेली बांडी दाखवून तुम्हाला आम्हाला ठेवून घ्यायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून आले तर तुम्ही जागेवर बसलेले. माझ्याकडं न बघता म्हणालात, "आज पहिला दिस." मी बटण दाबलं. माफी मागायची राहिली. चहात साखर जास्त घातली, तेवढीच.

सात दिवस झाले. मग लॉज झाला, व्हिडिओ एकदाही न थांबता झाला. दिवाळीच्या आधी दिला. चाकणच्या ऑफिसला मी नकार कळवला आणि खोलीचा विषय पुन्हा निघाला नाही. लॉजचा व्हिडिओ तुम्ही ओवीला मांडीवर घेऊन बघितलात आणि म्हणालात, "जिना लई उभा हाय. म्हातारी मानसं कशी चढनार?" ते मी साहेबांना कळवलं. जिना बदलला.

त्यानंतर तुम्ही बाजारात काय काय सांगत सुटलात ते मला तुम्ही गेल्यावर कळलं. बेल्ह्याचे दोन व्यापारी मोटरसायकलवर भेटायला आले होते. एक जण म्हणाला, "आमच्या टेम्पोचा रोग ह्यांनीच सांगितला, राव. मिस्त्री दर खेपंला धा वस्तू बदलायचा. म्हातारबा म्हनलं, एका येळी एकच बदल. सापडला बगा." दुसरा म्हणाला, "कॉम्प्युटरवालं पावणं गेलं आमचं." मी चहा टाकायच्या निमित्तानं आत गेले, कारण मला हसू आवरत नव्हतं आणि डोळ्यांतूनही यायला लागलं होतं.

तर असं आहे मामा. दोष हळदीचा होता. अर्थिंगचा खड्डा मी तुमचं मन राखायला खणवला, आणि तुम्ही वर्षभर, एक दिवस न चुकता, त्यात पाणी ओतत राहिलात. रोज सकाळी ते बघून मला अपराधी वाटायचं. मीठ-कोळशाला ओल लागते हे खरं, पण रोज नाही. आणि ते मेंढरांवरून बोलले, त्याचीही माफी.

इथपर्यंत परवा लिहून वही मिटली होती. आज पुन्हा उघडावी लागली.

आज खंडेनवमी. तुम्हाला जाऊन महिनाही नाही, म्हणून घरात यंदा सण नाही. पण आत्या सकाळीच म्हणाल्या, "गोडधोड न्हाई करायचं, पर अवजारांना भंडारा लावावाच लागंल. त्यांच्या जागी तू लाव." आणि तुमची डबी माझ्या हातात दिली. मी कोयत्याला लावला, कात्रीला लावला, तुमच्या काठीला लावताना थोडं थांबले. मग बांडीकडं वळले. आत्या मागून म्हणाल्या, "तिला उधळू नको गं. झाकन लावल्यालं असू दे आन बोटानं लाव. ह्यांनी सांगून ठिवलंय."

"कधी?"

"गेल्या खंडेनवमीला. मला म्हनले, मी नसलो तर ध्यानात ठिव. एकदा उधळला व्हता, तर पोरीला महिनाभर तरास झाला."

मला गेल्या वर्षीचा दिवस आठवला. मोटारीवर, कोयत्यावर तुम्ही मुठीनं भंडारा टाकला होता आणि बांडीला नुसतं एक बोट लावलं होतं. मी समजले, हात दमला असेल.

मी डबी खाली ठेवली. "आत्या, त्यांना माहीत होतं?"

"मोरीवर पिवळा झाल्याला बुरूश टाकून गेली व्हतीस. त्यो कुनी धुतला वाटतं तुला?" आत्या काठीवर सांडलेली हळद बोटानं सारखी करत होत्या. "आन मला म्हनले, बग, पोरीनं एका दिसात दोन बदल केले. जागा बी झाडली आन खड्डा बी खांदला. अशी चूक ती करायची न्हाई. म्हंजी कायतरी झाकतीया."

"मग मला बोलले का नाहीत?"

"मी बी तेच इचारलं. म्हनले, माझं मन राखाय येवढा खड्डा खांदला तिनं. ऱ्हाऊ दे."

"आणि रोज पाणी कशाला घालायचे?"

"तुला दिसाय पायजे म्हनून," आत्या म्हणाल्या.

मामा, मी वर्षभर समजत होते की मी तुम्हाला सांभाळून घेतलं. तुम्ही रोज तांब्या घेऊन माझ्या खिडकीसमोरून जात होतात. राग नाही, गैरसमज नाही, पोरी, तू सांगितलंस तेच खरं धरून चाललोय, एवढं मला दाखवायला. त्या आडमुठ्या माणसाला ठिणगीवरून हट्ट करताना मी बघितलं होतं. हे बघितलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र राहतेच. त्या दिवशी बदल दोन झाले. तुमच्या नियमानं बोलायचं तर बांडी हळद काढल्यानं बरी झाली की अर्थिंगनं, हे आपल्यापैकी कुणालाच ठाम सांगता येणार नाही. माझ्या बाजूनं पुरावा भरपूर आहे, पण शंभर टक्के म्हणायला तुम्ही मला परवानगी देणार नाही. खात्री करायची तर अवघड काही नाही. अर्थिंगची तार काढायची, खड्डा कोरडा पडू द्यायचा, सात दिवस भार टाकून बघायचं. चालली तर मी जिंकले, पडली तर तुम्ही.

ही टेस्ट मी करणार नाही. भांडण तसंच राहू दे.

बांडीला बोटानं भंडारा लावला आहे, झाकण बंद ठेवून. खड्ड्यात तांब्याभर पाणी ओतलं आहे. आता एका वाड्याच्या व्हिडिओचं काम लावून ठेवलंय, पंखे जोरात आहेत आणि आत्या गिरणीवरून बोलतायत. ओवी तुमच्या घोंगडीवर बसली आहे. मी लिहिताना दोनदा बाहेर बघितलं, उंबऱ्याकडं.

चालू हाय, मामा. चपला काढा.